धक्का नको

१

गाडी बंद पडली की आपल्याकडे लोक आधी खाली उतरतात आणि मागून ढकलायला लागतात. काय झालंय ते विचारत नाहीत. रस्त्यावरची अनोळखी माणसंसुद्धा सायकल बाजूला लावून येतात. चांगली रीत आहे, मी तिला नावं ठेवत नाही. पण माझे उस्ताद लियाकतभाई एक सांगायचे. पेट्रोलमध्ये कचरा असेल तर त्या गाडीला धक्का द्यायचा नाही. धक्क्याने इंजिन फिरतं आणि फिरता फिरता टाकीच्या तळाचं सगळं वर ओढून घेतं. तळाला जे गप बसलंय त्याला बसू द्या. आधी बॉनेट उघडा.

उस्तादांना जाऊन अकरा वर्षं झाली. गॅरेज अजून त्यांच्याच नावाचं आहे, नाशिकच्या वडाळा नाक्याच्या मागच्या गल्लीत. मी शाळेत गेलो नाही. अक्षरं लागली ती नंबरपाट्यांवरून आणि ट्रकच्या मागच्या फळ्यांवरून. त्यामुळे लिहायला वेळ लागतो. पण घाई मला कधीच नव्हती.

एप्रिल महिन्यात वैष्णवी तिच्या बापाची जुनी फियाट टेम्पोला दोरीने बांधून घेऊन आली. तिचा बाप नवनाथ म्हणजे माझा दोस्त. विंचूर ते नाशिक, वीस वर्षं त्याने ह्याच गाडीची टॅक्सी चालवली. ह्याच गाडीच्या फॅनबेल्टमध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. माझ्याच गॅरेजात गेली, फडकं मीच बांधलं. पाच वर्षांपूर्वी तो तापाने, घरातल्या खाटेवर, माणसांमध्ये गेला. तेव्हापासून गाडी ताडपत्रीखाली होती.

"मिस्त्रीकाका, आईचं डायलिसिस असतं मंगळवार-शुक्रवार," वैष्णवी म्हणाली. "साडेनऊला मशीन मिळतं. एसटीत तिला उभं राहवत नाही, दर वेळी भाड्याची गाडी आपल्याला झेपत नाही. म्हणून महिन्यापूर्वी ही बाहेर काढली. तर पाटाच्या रस्त्याला बंद पडते. कायम तिथंच. दोन पाळ्या चुकल्या तर पाय असे सुजले, चपलेत जाईनात."

"कचरा आहे, बाई. घरून निघालीस की तो उठतो आणि ठरावीक अंतर गेल्यावर जेटपाशी येऊन बसतो. म्हणून जागा तीच."

जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पितळेचा बारका तुकडा. केसाएवढं भोक असतं त्याला. सगळी गाडी त्या भोकातून पेट्रोल पिते.

मी टाकीत नळी सोडली आणि तोंडाने ओढली. आमच्या वेळचे सगळे मिस्त्री असंच करायचे. आता कोणी करत नाही, करूही नये. पण पन्नास वर्षांत जिभेला कळायला लागलंय, पेट्रोल शिळं आहे, की रॉकेल मिसळलंय, की पाणी आहे.

पाणी होतं. असणारच, पाच वर्षं उभी गाडी. पण पेट्रोलच्या खाली राहिलेलं पाणी कडू असतं, घसा जाळतं. हे गोड होतं. माठातल्यासारखं गार. बाहेर ऊन कडकडत होतं, गाडीचा पत्रा हाताला चटका देत होता आणि त्यातून आलेलं पाणी गार.

थुंकायच्या आधी एक घोट गिळला गेला.

२

मी टाकी उतरवली. आत बारीक खडी आणि साखळी टाकून हलवली तेव्हा गंज निघाला, गुळाच्या चहासारखा. मग पेट्रोलने दोनदा धुतली आणि अंगणात उन्हात पालथी घातली. पाइप फुंकून काढले. पंपाचा पडदा बदलला, पारदर्शक प्लास्टिकचा नवा फिल्टर बसवला. जेटमध्ये तार घातली नाही, घालायची नसते, भोक मोठं होतं. तोंडाने फुंकला आणि उजेडात धरून आरपार बघितला.

गॅरेजच्या मागच्या खोलीत जैतुनबी भाभी राहतात, उस्तादांच्या घरवाल्या. दुपारचा चहा त्यांचाच.

"भिका, दोन दिवस झाले टाकीला ऊन देतोयस. पापड घातलेस काय?"

"पापडच म्हणा, भाभी. कुरकुरीत झाल्याशिवाय उचलत नाही."

"ते असते तर म्हणाले असते, टाकी पण सुकली, मिस्त्री पण सुकला."

सोमवारी टाकीच्या तोंडाला कान लावून वर टिचकी मारली. कोरड्या हंड्यासारखी वाजली. तेव्हाच बसवली. पेट्रोल माझ्या कॅनमधलं, माझ्या हाताने, फडक्यातून गाळून भरलं. वैष्णवी गाडी घेऊन गेली.

मंगळवारी दहा वाजता दवाखान्यातून तिचा फोन आला.

"काका, परत बंद पडली. तिथंच."

"मग दवाखान्यात कशी पोचलीस?"

"कुणीतरी धक्का दिला."

"कुणी?"

"माहीत नाही. आरशात नुसते केस दिसले. वाकून ढकलत होता ना. मला वाटलं मेंढ्यावाला असेल. मी नको नको म्हणतेय आणि तो ढकलतोच आहे. तिथं वळण आहे, बाभळीपाशी. गाडी सरळच निघाली, काका. मी ब्रेक दाबला तेव्हा पुढचं चाक पाटाच्या कडेला होतं. मागे बघितलं तर कोणी नाही. मग सेल्फ मारला आणि चालू झाली."

तिच्या मागून तिच्या आईचा, धोंडाबाईचा आवाज आला. मशीनवर झोपून बोलत असणार, आवाज खोल होता.

"त्यास्नी सांग, तुझा बाप होता म्हणून."

३

दुपारी डायलिसिस उरकल्यावर दोघी गाडी घेऊन गॅरेजला आल्या. धोंडाबाईला भाभींनी आत खाटेवर निजवलं. मी बॉनेट उघडलं.

फिल्टरमध्ये पेट्रोल पिवळसर दिसतं. हे काचेसारखं पांढरं होतं.

मी टाकीच्या तळाचं सगळं बाटलीत काढलं. बाटली बाकावर ठेवली की थोड्या वेळाने पेट्रोल वर आणि पाणी खाली होतं, मधे रेघ दिसते. वर बोटभर पेट्रोल आलं. बाकी बाटलीभर पाणी.

मी डोकं लावलं. पंपावरचं पेट्रोल खराब असेल? त्याच कॅनमधलं माझ्या स्कूटरमध्ये घातलं आणि द्वारका सर्कलपर्यंत जाऊन आलो, खोकली पण नाही. टाकीच्या झाकणाचं रबर गेलं असेल? नवं होतं. रात्रीच्या दमटपणाने पाणी धरतं, पण ते चमचाभर. मी प्रत्येक गोष्टीला एक कारण लावत होतो आणि ते कारण पुरत नव्हतं.

मग डिकी बंद करायला मागे गेलो.

पाटाच्या रस्त्याची धूळ गाडीवर जाड बसली होती. डिकीच्या पत्र्यावर दोन पंजे उठले होते. ओल्या हातांचे. पाणी वाळलं होतं, पण बोटांखालची धूळ धुऊन निघाली होती आणि कडेने चिखलाची बारीक रेघ राहिली होती. जोर लावल्यावर उमटतात तसे, तळव्याशी रुंद.

मी बोटं मोजली. मग उजव्या पंजाची परत मोजली, करंगळीपासून. करंगळी होती. तिच्या शेजारचं होतं. दहाच्या दहा होती. नवनाथची आठ होती, आणि आठच घेऊन तो गेला.

भाभी कप न्यायला आल्या. त्यांनी बाटली उचलून नाकाला लावली.

"ह्याला तर वासच नाही."

"भाभी, हे पेट्रोलच्या खाली होतं."

त्यांनी बाटली हळूच खाली ठेवली आणि पदराला हात पुसले, पुसतच राहिल्या. "गटारात ओत. झाडाला पण घालू नको." मग जाता जाता थांबल्या. "तू तोंडाने ओढतोस अजून?"

मी बाटली उचलली. त्या मला पन्नास वर्षं ओळखतात. न बोललेलंही त्यांना ऐकू येतं.

फडकं ओलं करून मी डिकी पुसली. वैष्णवीने बघू नये म्हणून.

४

गाडी घरी जाताना कधी बंद पडत नव्हती. दवाखान्याकडे येतानाच पडायची. विंचुराकडे उतार असेल, पाणी टाकीत मागे राहत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. गुरुवारी पुन्हा सगळं साफ करायचं आणि शुक्रवारी स्वतः गाडी चालवायची, असं ठरवून मी एसटीने त्यांच्या घरी गेलो.

धोंडाबाई ओसरीत पाय लांब करून बसली होती. पायांवर बोट दाबलं तर खड्डा राहील असे पाय. शेजारी स्टीलचा छोटा तांब्या, त्यावर झाकण.

"बसा, भाऊजी. पाणी घ्या. म्हंजे तुम्ही घ्या, आमाला मोजून हाय. हा तांब्या सकाळचा, अजून रातीपर्यंत पुरवायचाय."

"तहान लागत असेल."

"लागती. लय लागती." ती हसली. "त्या पाटाला बघा कसं पानी आलंय. गार. काठोकाठ. गाडी थांबली की दिसतं."

"वहिनी, पाट कोरडा आहे. महिना झाला पाणी सोडून."

"तुमाला कोरडा दिसत आसंल."

ती तांब्यावरचं झाकण नीट करत बसली.

"भाऊजी, सांगून ठेवते. उद्या बंद पडली तर मी उतरनार. ह्ये एकले ढकलतेत मागून, आन् मी आत बसायचं व्हय राणीवानी? कुनी बी धक्का द्यायला लागलं तर मानूस खाली उतरतं. भार कमी करतं. एवढी तर रीत हाय का नाय?"

"आहे," मी म्हणालो.

"मंग."

तेव्हाच तिला बोटांचं सांगायला हवं होतं. जमलं नाही. विधवा बाईपुढे बसून तिच्या नवऱ्याची बोटं मोजायची कशी?

वैष्णवी मला गाडीपाशी घेऊन गेली. मागच्या दाराला नायलॉनची दोरी होती, सोडलेली.

"मंगळवारी मी बांधली होती. तिनं आतून हात घालून गाठ सोडली. चाक कडेला लागलं तेव्हा तिचा एक पाय बाहेर होता, काका. फोनवर मी सांगितलं नाही."

"हायवेने का जात नाहीस?"

"गेले होते. पुलाचं काम चाललंय, दोन तास अडकलो. मशीन दुसऱ्याला दिलं होतं, तशीच परत आणली." ती गाडीच्या टपावर हात ठेवून उभी होती. "ती उतरली तर मला धरता येणार नाही. मी स्टिअरिंग धरू का तिला? तुमच्यानं होत नसेल तर सांगा, भंगारात घालते. मग ती येतच नाही म्हणेल, घरीच बसेल. ते तिला सोपं आहे."

गाडीतला कचरा रस्ता बदलून जात नाही. तो काढावा लागतो, किंवा त्याच्यासकट गाडी चालवावी लागते. तिला मी एवढंच म्हणालो की उद्या मी चालवतो.

त्या दुपारी टाकी पुन्हा काढली, धुतली, सुकवली. नळी मात्र तोंडाला लावली नाही.

५

शुक्रवारी साडेसातला निघालो. ऊन चांगलं वर आलं होतं. मी चालवत होतो, शेजारी वैष्णवी, मागे धोंडाबाई, मांडीवर तिची दवाखान्याची पिशवी. निघायच्या आधी फिल्टर बघितला होता. पिवळा, स्वच्छ.

पाटाच्या तळाला चिखल वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. एक शेळी आत उतरून प्लास्टिकची पिशवी चावत होती. एवढा कोरडा होता तो.

बाभळ दिसली. गाडीने एक झटका दिला, मग दुसरा. माणूस अर्धं बोलून थांबतो तसं इंजिन थांबलं.

मी ब्रेक दाबला. हँडब्रेक ओढला. पहिल्या गिअरमध्ये टाकली.

इंजिन बंद झालं की थोडा वेळ पत्रा थंड होताना टिकटिक वाजतो. तो आवाज आला नाही. शेळी मान वर करून आमच्याकडे बघत होती. आमच्याकडे नाही, आमच्या मागे.

मग जोर आला. धडकला नाही, टेकला. झोपलेल्या पोराला उठवायला आई पाठीवर हात ठेवते तसा. आणि ब्रेकवर माझा पाय, हँडब्रेक, गिअर, हे सगळं असताना चाकं न फिरता गाडी खडीवर सरकली. चार बोटं. थांबली. परत चार बोटं. पुढे वळण होतं, आणि वळणाच्या सरळ पुढे पाट.

आरशात केस होते. ओले, मधोमध भांग पडलेले. माणूस जोर लावताना डोकं खाली घालतो तसं डोकं. केसांतून पाणी डिकीवर ठिबकत होतं, त्याचा आवाज आत येत होता, टप, टप, गाडीच्या आतच गळत असल्यासारखा.

"आले बगा," धोंडाबाई म्हणाली. "उतरते मी." तिच्या बाजूचं दार खटकन उघडलं.

"आई, नको," वैष्णवी मागे वळली, तिच्या हातात आईच्या पदराचं टोक आलं, तेवढंच.

"वहिनी," मी म्हणालो. माझा आवाज चढत नाही, तेव्हाही चढला नाही. "तुम्हाला अडवत नाही. पण उतरायच्या आधी एक करा. मागच्या काचेतून हात बघा. हात डिकीवर आहेत. बोटं मोजा."

तिने माझ्याकडे बघितलं. नवनाथच्या हाताला फडकं बांधलं तेव्हा ती त्याच्याबरोबर गॅरेजात होती. तिने ते रक्त बघितलं होतं. मी काय म्हणतोय ते तिला कळलं आणि ती रागावली. एवढ्या वर्षांत माझ्यावर रागावलेलं मी तिला तेव्हाच बघितलं.

ती मागे वळली.

बायका धान्याचं माप मोजतात तसं ती हळू मोजत होती. एक. दोन. गाडी चार बोटं सरकली. सहा. सात. आठ झाल्यावर ती थांबली. मला वाटलं आता मोजणार नाही. मग नऊ म्हणाली. मग दहा.

तिने परत एकपासून सुरुवात केली. परत दहा झाली.

दार बंद झालं. तिने ते स्वतः ओढलं, जोरात, जुनं दार लागतं तसं.

"ह्यांचे न्हाईत," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मंग कोन हाय?"

"कोणी का असेना. आपल्याला धक्का नको आहे."

६

पण गाडी सरकत होती आणि जेट साफ केल्याशिवाय ती चालू होणार नव्हती. त्यासाठी खाली उतरावं लागणार होतं. मी उतरायचं म्हणजे पुढे जायचं, मागे नाही, असं ठरवलं. वैष्णवीला माझ्या जागेवर घेतलं.

"दोन्ही पाय ब्रेकवर. आरशात बघू नकोस. माझ्याकडे बघ."

मी बॉनेट उघडलं. कार्बोरेटरचा नट सोडून जेट काढला, फुंकला. पाण्याचा थेंब ओठाला लागला, गोड. ह्या वेळी थुंकलो. चौऱ्याहत्तर वर्षांचे हात आहेत, पकड पूर्वीची नाही. जेट निसटला, इंजिनावर आपटला आणि खाली रस्त्यावर पडून गाडीखाली गेला.

मी गुडघे टेकले आणि खाली वाकून बघितलं.

पायांची एक जोडी दिसेल अशी तयारी करून वाकलो होतो. मागच्या चाकांपलीकडे उजेडाची पट्टी होती आणि त्या पट्टीत पाय होते. अनवाणी, बोटं खडीत रोवलेली, टाचा वर. पाण्यात फार वेळ राहिलेल्या माणसाचे होतात तसे, पांढरे, सुरकुतलेले. एक जोडी नव्हती. पट्टी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली होती आणि मागेही होते, रांगेच्या मागे रांग. एक गाडी ढकलायला एवढी माणसं लागत नाहीत. एवढी माणसं गाडीला मावतही नाहीत.

जेट मागच्या चाकापाशी पडला होता. चमकत होता. मी हात लांब केला, पोचेना.

पुढच्या रांगेतला एक पाय उचलला गेला. अंगठ्याने त्याने जेट माझ्याकडे ढकलला. हळूच, बेताने. घरंगळत तो माझ्या बोटांपाशी आला आणि थांबला.

मदत करत होते. त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटली. ओरबाडत नव्हते, ओढत नव्हते. म्हातारा मिस्त्री, अडलेली गाडी, तहानलेली बाई, म्हणून सगळे जमले होते आणि हात लावत होते.

मी हात मागे घेतला.

माझ्या खिशात चुन्याची जुनी डबी असते. तंबाखू सोडली तेव्हापासून तिच्यात बारके सामान. त्यात उस्तादांचा एक जेट आहे. मी कामाला लागलो त्या वर्षी त्यांनी दिलेला, भोक थोडं मोठं झालेला. त्याने गाडी पेट्रोल जास्त खाते, पण चालते.

"तुमचं तुमच्यापाशी ठेवा," मी गाडीखाली बघून म्हणालो. "ह्या गाडीला धक्का द्यायचा नाही. ह्या बाईला पण नाही. तिला साडेनऊला मशीन आहे."

ठिबकणं थांबलं, सगळ्यांनी श्वास धरल्यासारखं. मग बंपर माझ्या खांद्याला लागला. गाडी चार बोटं पुढे आली होती, माझ्यावर.

मी उठलो. बाजूला झालो नाही. गाडीच्या तोंडाशीच उभा राहून, गुडघे बंपरला टेकवून, कार्बोरेटरमध्ये साठलेलं पाणी फडक्याने टिपलं, उस्तादांचा जेट बसवला आणि नट आवळला. घाईत आवळलेला नट आटे खातो. मी एकेक आटा बघून आवळला. टाचा मागे मागे सरकत होत्या, पाटाची कड चपलेच्या मागच्या टोकाला लागली होती. गार हवा येत होती खालून. मी वळून बघितलं नाही.

"क्लच दाब आणि सेल्फ मार."

पहिल्यांदा नुसतं कण्हलं. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा इंजिन खोकलं, काळा धूर आला आणि लागलं.

"रिव्हर्स टाक, पोरी. हँडब्रेक उतरव आणि सोड क्लच."

गाडी मागे गेली. मागे काही लागलं असेल तर मला कळलं नाही, वैष्णवीलाही नाही. ती फक्त म्हणाली की आधी चढावर घेतल्यासारखी जड होती आणि मग एकदम हलकी झाली. मी बॉनेट टाकून आत बसलो. वळण तिनेच घेतलं. आरसा तिने वर छताकडे फिरवून ठेवला होता.

नऊ पस्तीसला धोंडाबाईला मशीन लागलं.

७

आता दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी जातो. आदल्या संध्याकाळी एसटीने विंचुराला पोचतो आणि सकाळी त्यांच्याबरोबर येतो. गाडी दर वेळी बंद पडत नाही. पडली की मी ब्रेकवर पाय ठेवून बसतो, मग उतरून जेट फुंकतो. खाली वाकत नाही. दोन जेट जादा ठेवतो.

धोंडाबाई मागे वळून बोटं मोजते. मे महिना लागला तेव्हा मोजून म्हणाली, "आज वीस." मग काचेवर बोटाने टकटक केलं. "ढकला, ढकला. घाम येऊ द्या अंगाला. मी काय उतरत नाय." आणि पिशवीतून तांब्या काढून तिने एकच घोट घेतला, आपला मोजलेला, आणि झाकण लावलं. वैष्णवी हसली. त्या रस्त्यावर कोणी हसेल असं मला वाटलं नव्हतं.

टाकीतलं पाणी येतंच आहे. मी काढतोच आहे. कोण आधी थकतं ते बघू.

एक सांगायचं राहिलं. मी घोट गिळला होता, तो.

गॅरेजातून घरी जाताना थोडा चढ आहे. दुपारी जेवायला जातो तेव्हा अर्ध्या चढावर दम लागतो. वयच आहे. तिथं मी थांबलो की पाठीला हात टेकतो. जोराचा नाही. चढ चढताना म्हाताऱ्याला कोणी पोरगं आधार देतं तसा, अगदी रीतीने. पाय आपोआप हलके होतात. पहिल्या दिवशी मी सहा-सात पावलं गेलोही. मग कळलं की घर डाव्या हाताला आहे आणि मी सरळ चाललोय.

घरी सदरा काढला तर पाठीवर ओलं होतं. घाम असेल. घामाला वास असतो.

त्या चढावर एका बंद दुकानाची पायरी आहे. हात टेकला की मी तिथं बसतो. लोक विचारतात, "बाबा, बरं वाटत नाही का? हात देऊ?" मी म्हणतो, नको, बसलोय. हात पाठीवर तसाच असतो, थांबलेला. त्यालाही घाई नाही, हे माझ्या लक्षात आलंय. पण मी एकेका टाकीला दोन दोन दिवस ऊन दिलेला माणूस आहे. तो घाई न करण्यात मला काय शिकवणार.

दम जागेवर येईपर्यंत बसतो. मग गुडघ्यावर हात ठेवतो आणि माझा मी उठतो.